दोन मनोगतांमधली रेघ

नीला सबनीस फार लवकर चिडतात, असं मुलुंड पूर्वेच्या मधुमालती सोसायटीत लहानथोर सगळे म्हणतात. स्मरणिकेच्या वेळी मात्र त्या चिडल्या त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने आधी दोन कॉलमच्या मध्ये एक रेघ मारून दाखवावी. कागदावर नव्हे, वेबपेजवर.

सोसायटीला चाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची, पण छापायची नाही, इंटरनेटवर टाकायची, असं कमिटीत ठरलं. मग 'हे काम बाहेरच्या पार्टीला देऊ' असं कुणीतरी म्हणालं. नीलाताई तिथेच बसल्या होत्या. "बाहेरची पार्टी कशाला? मी करते," त्या म्हणाल्या.

सभेत एकदम शांतता पसरली. ही शांतता नीलाताईंच्या ओळखीची होती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाला, म्हणजे अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या यज्ञेशला, वेबपेज कसं करतात ते विचारलं होतं, तेव्हा तोही असाच गप्प झाला होता. मग म्हणाला होता, "आई, तुला नाही जमणार गं ते. तू काहीतरी मस्त रिलॅक्सिंग कर ना यार." दुसऱ्या दिवशी नीलाताईंनी वेबपेजच्या क्लासला नाव घातलं. वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या त्याच होत्या, आणि शिक्षक त्यांच्याशी सगळ्यांत कमी बोलत, कारण त्या प्रश्न विचारत.

तर, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर दोन मनोगतं असणार होती. डाव्या कॉलममध्ये अध्यक्ष दत्ताराम परब, उजव्या कॉलममध्ये सचिव देवव्रत लेले. मध्ये वर्तमानपत्रात असते तशी एक उभी, बारीक रेघ. ही रेघ हौसेची नव्हती, गरजेची होती. परब आणि लेले एकमेकांशी बोलत नसत. काही वर्षांपूर्वी परबांकडचे बांगडे गच्चीत वाळत पडले होते, आणि लेल्यांनी फलकावर सूचना लावली की 'काही सभासद सामाईक जागेचा वापर मत्स्योद्योगासाठी करीत आहेत'. सूचनेत नाव नव्हतं, पण बांगडे कुणाचे ते सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. तेव्हापासून कमिटीच्या सभेत दोघांच्या मधल्या खुर्चीत खजिनदार बसतो. खजिनदार म्हणजे नीलाताईंचा नवरा सुबोध. एका बाजूने "अध्यक्षांना सांगा" आणि दुसऱ्या बाजूने "सेक्रेटरींक सांगा" असं ऐकता ऐकता त्याची मान आता आपोआप डावी-उजवी होते.

नीलाताईंनी दोन कॉलम केले, नमुन्याचा मजकूर ओतला, रेघेची जाडी दिली, रंग दिला आणि पान उघडलं. रेघ नाही. जाडी वाढवली. तरी नाही. रंग गडद केला. नाही. मग संतापून इतकी जाडी दिली, की त्या रेघेवरून पाण्याचा टँकर गेला असता. तरीही दोन कॉलमच्या मध्ये पांढरीशुभ्र, निर्मळ पोकळी.

"चष्मा पुसून बघ," सुबोध म्हणाला.

"मला चष्म्यामुळे रेघ दिसत नाही असं म्हणायचंय तुला?"

"नाही, मी आपलं सुचवलं."

तेवढ्यात शेजारच्या शकुताई विरजण मागायला आल्या. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नीला, हे बंद करून परत चालू कर. आमच्या मिक्सरचं अगदी असंच होतं." हा सल्ला अमान्य झाला, तेव्हा त्यांनी दुसरा दिला. रेघेचं काय एवढं, पट्टी धरून पेनाने मारायची. "कशावर?" नीलाताईंनी विचारलं. शकुताईंनी स्क्रीनकडे बोट केलं. विरजण न देता नीलाताईंनी त्यांना घरी पाठवलं.

यज्ञेशला फोन लावला. तो म्हणाला, "आई, एआयला विचार ना. दोन सेकंदांत सांगेल."

"तू सांग. तुला एवढं शिकवलं कशाला?"

"मी मीटिंगमध्ये आहे गं. आणि रेघ नसली तर काय बिघडतंय? कोण बघणार आहे?"

नीलाताईंनी फोन ठेवला आणि नाइलाजाने एआयला विचारलं. त्याने आधी माफी मागितली, मग पाच उपाय दिले, आणि पाचही फसल्यावर पुन्हा मनापासून माफी मागितली. उठसूट माफी मागणारा एक माणूस घरात होता तेवढा नीलाताईंना पुरेसा होता. त्यांनी ते बंद केलं आणि क्लासचे कागद काढून ओळीन् ओळ वाचली.

आणि मग कळलं. रेघेला जाडी आणि रंग देऊन भागत नाही, तिचा प्रकारही सांगावा लागतो. अखंड, तुटक, ठिपक्यांची, दुहेरी, काय हवी ते. प्रकार सांगितला नाही, तर कॉम्प्युटर धरून चालतो की यांना रेघ नकोच आहे.

"नको आहे?" नीलाताई लॅपटॉपवर ओरडल्या. "जाडी सांगितली, रंग सांगितला, तरी नको आहे? साडीचा रंग सांगितला, काठ सांगितला, तर दुकानदार म्हणतो का, की बाईंना बहुतेक साडी नको असेल?"

त्यांनी रागाने 'सॉलिड' हा शब्द टाइप केला. जाडी मघाचीच राहिली होती. स्क्रीनच्या मधोमध काळा खांब उभा राहिला आणि चहा घेऊन आलेल्या सुबोधने दचकून निम्मा चहा बशीत सांडला. पण रेघ आली होती. नीलाताईंनी ती हळूहळू बारीक करत आणली, आणि शेवटी पेपरात असते तशी, असून नसल्यासारखी झाली तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. त्या सबंध महिन्यातला हा एकच आनंदाचा क्षण होता, म्हणून इथे नोंदवून ठेवलेला बरा.

कारण नंतर लेल्यांनी नियम काढला. स्मरणिकेचा मसुदा छापून फलकावर लावायचा आणि सभासदांकडून हरकती व सूचना मागवायच्या. त्याउलट परबांनी ठरवलं, की पानाची लिंक प्रकाशनाच्या दिवसापर्यंत कुणालाच द्यायची नाही, गंमत जाते. म्हणजे वेबपेज करायचं, पण दाखवायचं कागदावर. नीलाताईंनी दात ओठ खात प्रिंट काढली आणि फलकावर लावली.

मजकूर अजून नमुन्याचाच होता, त्यामुळे सभासदांना हरकत घ्यायला एकच गोष्ट होती. काळी रेघ बघून तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "कोण गेलं?" लाल केली, तर ती गणिताच्या वहीतल्या समासासारखी दिसते असं मत पडलं. भगवी केली, हिरवी केली, निळी केली. कुठलाही रंग घ्या, त्यातून कुणाचा ना कुणाचा पक्ष निघायचा आणि तो पक्ष न आवडणारा एक तरी सभासद जिन्यात नीलाताईंना गाठायचा. ठिपक्यांची करून पाहिली. शकुताई म्हणाल्या, "कात्रीने कापायचं असतं तिथे असते ना अशी? मग कापल्यावर कुणी कुठला भाग ठेवायचा?" शेवटी रेघ करडी झाली. करड्या रंगाला कुणाचा विरोध नव्हता, कारण तो कुणाच्या नजरेतच भरत नव्हता.

असं वाटलं होतं, की संपलं. पण कमिटीच्या सभेत लेले उभे राहिले. "रेघेचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. तो ऐनवेळच्या विषयांत घ्यावा लागेल. आणि माझा मूळ प्रश्न असा आहे, की या रेघेची जागा कुणाच्या कॉलममधून गेली?"

"कुणाच्याच नाही," नीलाताई म्हणाल्या. "दोन कॉलमच्या मध्ये फट असते, तिच्यात रेघ येते. तिला वेगळी जागा लागत नाही."

"नीलाताई, मुलुंडमध्ये राहून तुम्ही म्हणता जागा लागत नाही? इथे तुळशीच्या कुंडीला जागा लागते."

"कॉम्प्युटरचा नियम आहे तो!"

"मग तो लेखी द्या. दप्तराला लावू."

परबांचं म्हणणं वेगळंच होतं. "वैनी, लाईन जरा जाड करा. बारीक लाईन असली की माणूस पलीकडसून हकडे येता."

"कोण येतं?"

"मी नाव घेवचंय नाय."

सुबोधची मान डावी-उजवी झाली.

नीलाताईंनी घरी येऊन परबांच्या समाधानासाठी रेघ जाड करून पाहिली. जाड रेघ फटीत मावेना. ती दोन्हीकडच्या मजकुराखाली पसरली आणि कडेची अक्षरं तिच्यात बुडाली. परबांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्क्रीनजवळ डोळे नेऊन स्वतःचं नाव शोधलं, ते अर्धंच सापडलं, आणि "बारीकच बरी" म्हणून ते निघून गेले. जाताना "आदीच सांगूचा नाय?" असं म्हणाले. नीलाताईंनी उशी उचलली होती, पण तोवर ते जिन्यात पोचले होते.

मग दोन्ही मनोगतं आली. नीलाताईंनी ती पानात टाकली, रेघ नीट आहे ना ते वरून खालपर्यंत बघितलं, प्रिंट काढली आणि फलकावर लावली. त्यांनी फक्त रेघ बघितली, मजकूर वाचला नाही. यात कुणी त्यांना दोष देऊ नये. इतके दिवस मजकुराकडे कुणीच बघितलं नव्हतं.

संध्याकाळी लेले भाजी घेऊन येत होते. जिन्यात शकुताईंनी त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "लेले, मोठं मन लागतं हो असं लिहायला." पुढे तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. लेले खूश होऊन फलकापाशी गेले आणि स्वतःचा कॉलम वाचू लागले. अगदी वरती लिहिलं होतं, 'नुसत्या सूचना चिकटवण्यापलीकडे काहीही केलं नाही, त्याबद्दल सर्व सभासदांची हात जोडून माफी मागायला हवी.' त्याखाली शीर्षक होतं, 'सचिवांचे मनोगत'.

ते भाजीसकट नीलाताईंच्या दारात आले. "अतिक्रमण! हे सरळसरळ अतिक्रमण आहे! त्या माणसाचं वाक्य माझ्या डोक्यावर!"

झालं होतं ते असं. परबांचं मनोगत लांब, लेल्यांचं आखूड. कॉम्प्युटरला दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे हवे असतात, म्हणून त्याने परबांच्या शेवटच्या वाक्यातलं 'सचिवांनी' डावीकडेच ठेवून उरलेलं शेपूट उजवीकडे नेऊन ठेवलं होतं. नीलाताईंनी समजावलं, की मजकूर पाण्यासारखा असतो, एक कॉलम भरला की दुसऱ्यात वाहतो.

"वरून खाली गळती मी ऐकलीय," लेले म्हणाले, "डावीकडून उजवीकडे पहिल्यांदाच बघतोय. मग ती तुमची रेघ मध्ये काय करत होती?"

"रेघ दाखवायला असते, लेले! अडवायला नसते!"

"न अडवणारी रेघ पाहिजे कुणाला?"

या प्रश्नावर नीलाताईंचा आवाज इतका चढला, की समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी गॅलरीचा दिवा लावला. लेले भाजी विसरून गेले. ती नीलाताईंनी रागातच निवडली आणि रागातच फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला बजावलं, की सचिवांचं शीर्षक दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावरच सुरू झालं पाहिजे, पहिल्याचं काही का होईना. जमलं. आता परबांचं परबांकडे, लेल्यांचं लेल्यांकडे. पण लेल्यांचं आखूड असल्यामुळे त्यांच्या खाली मोकळी जागा राहिली. ती लेल्यांनी पाहिली आणि मनोगतात लिफ्टच्या परवानगीचा सविस्तर इतिहास वाढवला. मग परबांखाली जागा दिसू लागली. परबांनी बोअरवेल वाढवली. लेल्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणलं. परबांनी सोसायटीच्या पहिल्या सत्यनारायणापासून सुरुवात केली. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक चिठ्ठी दाराखालून आत सरकायची, आणि दोघांच्या मधली रेघ बिचारी त्यांच्याबरोबर खाली खाली लांबत जायची.

शेवटी नीलाताई दोघांच्या घरी स्वतः गेल्या आणि दोघांना एकच वाक्य सांगितलं. "आता एक काना जरी वाढवलात, तर दोन्ही मनोगतं काढून टाकीन आणि पानावर नुसती रेघ ठेवीन."

चिठ्ठ्या थांबल्या.

प्रकाशन शनिवारी संध्याकाळी गच्चीत झालं. खुर्च्या, समोसे, माइक, सगळं होतं. यज्ञेशही अंधेरीहून आला होता, आणि त्याच्यासमोर आपलं काम उघडणार म्हणून नीलाताईंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. पानाच्या तळाशी त्यांनी बारीक अक्षरात 'मांडणी : नीला सबनीस' असं लिहिलं होतं. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार करण्यात गेली. स्वतःचं नाव कशाखाली तरी येण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

परबांनी माइक घेतला. मांडववाल्याचे आभार मानले. समोसेवाल्याचे मानले. खुर्च्या वर चढवणाऱ्यांचे नावं घेऊन मानले. "आणि आमच्या नीलावैनी," ते म्हणाले, "ज्यांनी टायपिंग केलं."

टायपिंग.

नीलाताईंनी नारायणपेठेचा पदर खोचला. त्या उठणार, तेवढ्यात सुबोधने सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि गच्चीभर फोन टिणटिणले. माना खाली गेल्या. अंगठे फिरू लागले. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली.

"अरे, कॉलम कुठेयत?"

"रेघ दिसत नाही!"

लेल्यांनी फोन जवळ नेला, लांब धरला, आडवातिडवा केला. परबांनीही. दोघं माइकच्या दोन बाजूंना उभे होते, मध्ये सुबोध नव्हता. परबांनी मान वर केली, आणि समोर जो दिसला त्यालाच विचारलं, "तुमच्यात दिसता काय?"

"नाही हो," लेले म्हणाले. "तुमच्यात?"

"माझ्यात पण नाय. आणि तुमी माझ्या खाली इलात."

"खाली? मी खाली का?"

दोघांनी फोन एकमेकांच्या फोनला लावून बघितले. मग दोघंही एकदम, एका सुरात म्हणाले, "नीलाताई, ह्यात रेघच नाही!" म्हणजे परब 'वैनी' म्हणाले, पण सूर एकच होता.

यज्ञेश घाईने आईच्या कानाशी आला. "आई, फोनवर चेक नव्हतं केलंस तू?"

नीलाताईंनी माइक परबांच्या हातातून काढून घेतला.

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि माइक कर्कश ओरडला. "रेघ दोन कॉलमच्या मध्ये असते. फोन अरुंद असतो. त्यात एकच कॉलम मावतो. एकच कॉलम असेल तर मध्ये रेघ कुठून येणार? इतके दिवस माझ्या जिवाशी खेळलात, रंगावरून भांडलात, जागेवरून भांडलात. आता बघा! परब आणि लेले, तुम्ही दोघं एकाच कॉलममध्ये आहात! तुमच्यामध्ये रेघ नाही! कधी नव्हतीच! आता काय भांडायचं ते भांडा!"

मग तळमजल्यावरच्या आजोबांनी टाळी वाजवली. मग शकुताईंनी. मग सगळ्यांनीच. शकुताई पदराने डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या, "किती सुंदर मांडलं गं एकोप्याबद्दल." लेल्यांनी घसा खाकरून परबांपुढे हात केला. परबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "वैनीन् डोळे उघडले." कुणीतरी फोटो काढला.

"मी शिव्या देत होते!" नीलाताई ओरडल्या. पण माइक यज्ञेशने हळूच बंद केला होता, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

घरी आल्यावर यज्ञेश म्हणाला, "आई, भारी बोललीस. एकदम झकास." 

"रेघ बघितलीस का?"

"फोनवर नाही ना दिसत."

"लॅपटॉपवर बघ."

"घरी जाऊन बघतो गं, नक्की," असं म्हणून तो समोसे बांधून घेऊन अंधेरीला गेला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात परब आणि लेले, खांद्याला खांदा लावून. दोघं हसत होते, आणि ते बघूनच नीलाताईंचं डोकं फिरलं.

"नीलाताई, आम्ही एकमताने ठरवलंय," लेले म्हणाले. "फोनवर दोन मनोगतांच्या मध्ये एक आडवी रेघ टाकायची."

"छोटीशीच," परब म्हणाले. "तुमका काय, दोन मिन्टाचा काम. टायपिंगच ता."

नीलाताईंनी दार लावलं. म्हणजे आधी लावलं, आणि ते नीट लागलं नाही असं वाटून उघडून पुन्हा लावलं, या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडेल अशा बेताने.

मग त्या लॅपटॉपपुढे जाऊन बसल्या. पान उघडलं. डावीकडे परब, उजवीकडे लेले, मध्ये करडी, बारीक, सरळ रेघ. सगळ्या सोसायटीने फोनवरच वाचलं होतं, फोनवरच वाचणार होती. ही रेघ मुलुंडमध्ये फक्त याच टेबलावर दिसत होती, आणि खरंच चांगली दिसत होती. कुठे वाकडी नाही, कुठे तुटलेली नाही. नीलाताई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

सुबोध चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. त्याने वाकून नीट बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं.

"छान आहे गं," तो म्हणाला. "खरंच छान आहे." मग डोकं थोडं कलतं केलं. "फक्त किंचित डावीकडे नाही वाटत?"

नीलाताई सावकाश वळल्या. सुबोधने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, हातातला कप होता तिथेच जमिनीवर ठेवला आणि पिशवी घेऊन बाजारात गेला. काय आणायचं ते विचारायची त्याची छाती झाली नाही.